दोरीचं दुसरं टोक

८ जून १९८१, सोमवार

ही डायरी चंद्रभान मिस्त्रींनी दिली. दोन वर्षं जुनी आहे, कुण्या लाकूडवाल्या शेठने वाटलेली. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून ते खोडून मी माझे लिहितो. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं सलग लिहिलं नव्हतं. पण इथे संध्याकाळी करायचं काय? लाकूड चिरायची आरा मशीन बंद झाली की लकडगंजात एकदम इतकं चूप होतं की आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटतो.

निघालो होतो रायपूरला. नागपुरात गाडी बदलायची होती, मधे चार तास. म्हटलं फिरून येऊ. तर इथे एक म्हातारा, म्हणजे हेच मिस्त्री, करवतीला धार करत बसलेला. कानस एका दाताला एक बाजूने, पुढच्याला दुसऱ्या बाजूने. पाहत उभा राहिलो. गाडी निघून गेली असेल. शेवटी तो म्हणाला, "पाहूनच राहतो का हातही लावतो?" लावला. त्याला आता नऊ दिवस झाले.

मिस्त्री एकटेच आहेत. मुलगा भिलाईला, पत्र नाही. मी काही विचारलं नाही. मलाही कोणी विचारू नये.

१४ जून, रविवार

आज एक गृहस्थ आले, आनंदराव. मिलमध्ये टाइमकीपर होते, रिटायर झालेत. मागच्या मोहल्ल्यात राहतात. खिशातून कागद काढून लाकडाच्या ओंडक्यावर पसरला.

"मिस्त्री, मैदान बनवायचं आहे."

"मैदान कायले बनवावं लागते? ते तर राहतेच."

"असं मैदान, जिथं ज्याचे पाय नाही चालत तो खेळन, ज्याले दिसत नाही तो खेळन, अन् ज्याचं सगळं धड आहे तोही. वेगवेगळे नाही. सोबत."

यंदाचं वर्ष जगाने अपंगांचं म्हणून ठरवलंय म्हणे, पेपरात आलंय. मिस्त्री म्हणाले, "अन् वर्ष संपल्यावर? त्यायले पाय फुटते का?"

मला वाटलं आता भांडण. पण आनंदराव हसले. "म्हणूनच तुमच्याकडे आलो. सागाचं करा. वर्षापेक्षा जास्त टिकलं पाहिजे."

दोन मोहल्ल्यांच्या मधे पडीक जागा आहे, जिथे सगळे भुसा टाकतात. ज्या शेठची ती जागा, त्याने वापरायला दिली. जाताना आनंदराव थांबले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग बोलले. त्यांची मुलगी तारा अठरा वर्षांची. दोनची असताना पोलिओ झाला, पायात जीव राहिला नाही. "आजवर एकदा खेळली नाही ती. खिडकीतून पाहते. मले तिले एकदा खेळताना पाहायचं आहे, मिस्त्री. पाहताना नाही, खेळताना."

मिस्त्रींनी कागदाची घडी केली आणि कानावरच्या पेन्सिलीमागे खोचली. म्हणजे हो.

रायपूर पंधरा दिवस पुढे.

२१ जून, रविवार

झुल्याला पाठ किती उंच ठेवायची ते विचारायला आनंदरावांकडे गेलो. भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो, देव्हारा नाही. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. तारा खाली बसून हातमशीनवर ब्लाउज शिवत होती. एका हाताने चाक गरागरा, दुसऱ्याने कापड.

मी खिशातून मोजपट्टी काढली, तर ती म्हणाली, "ओ लहानूभाऊ, टेप ठेवा खाली. या घरात माप मी घेते."

स्वतःच घेतलं. कमरेपासून खांदा, कमरेपासून गुडघा. मला आकडे सांगितले आणि वर म्हणाली, "लिहा. नाही तर मध्येच कुठं काही पाहत उभे राहाल अन् विसराल. बाबांनी सांगितलं मले तुमचं."

"काय सांगितलं?"

"करवतीवाल्याले पाहता पाहता गाडी सोडली म्हणून."

मी म्हटलं, मैदान झालं की पहिला झुला तुझा. ती म्हणाली, "अठरा वर्षांची घोडी झुल्यावर बसन, अन् सारा मोहल्ला पाहन. त्यापेक्षा पिक्चर बरा." पण तिने माप दोनदा मोजलं होतं. चुकू नये म्हणून असेल. शिवणकामवाले तसेच असतात.

१२ जुलै, रविवार

काम चाललंय. चार झुले, दोघांना पाठ आणि पट्टा. वाळू जमिनीवर न टाकता मांडीच्या उंचीचा ओटा केला, म्हणजे वाकता न येणाऱ्यालाही किल्ला करता येईल. सगळीकडे पायऱ्यांऐवजी उतार. बापूजी म्हणून एक आजोबा आहेत, दिसत नाही. त्यांच्यासाठी कडेने कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधली, गाठी मारून.

"झुल्याजवळ तीन गाठी मार," बापूजी म्हणाले. "नाही तर एखादा पोट्टा हवेतून येऊन माह्या थोबाडावर बसन."

माणसं येतात, सल्ले देतात, जातात. सगळ्यांना घरं आहेत.

१९ जुलै, रविवार

मिस्त्रींनी सोमवारी काटोलला पाठवलं होतं, एकाकडून जुनी लोखंडी चाकं आणायला, मैदानात कामी येतील म्हणून. बसमधून उतरलो तर एका मळ्यात संत्र्याची कलमं लावणं चालू. खड्डा, माती, रोप सरळ धरायचं, कलमाचा डोळा जमिनीच्या वर राहिला पाहिजे. पाहिलं, मग धरू लागलो. आज सातव्या दिवशी परत आलो.

मिस्त्री फक्त म्हणाले, "चाकं?"

चाकं राहिली होती.

"उद्या जा. अन् उद्याच ये."

दुकान गळतंय. माझी वळकटी गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेली होती, कोरडी. डब्यात दोघांची भाजी होती. मिस्त्रींना स्वयंपाकाचा अंदाज नाही, रोजच जास्त करतात बहुतेक. मी नव्हतो तर कुणाला काही फरक पडलेला दिसला नाही. पडावा तरी काहून?

९ ऑगस्ट, रविवार

मैदानात पोट्टे येतात आता. गिरिधर नावाचा एक ऐकू न येणारा आहे, तो झुल्यावरून उतरतच नाही, हाक मारून उपयोग नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. बापूजी रोज दोरी धरून चार फेऱ्या मारतात. फक्त तारा येत नाही. आनंदराव रोज विचारतात, ती म्हणते उद्या.

आज कांताबाई आल्या. त्यांचा शब्द दोन्ही मोहल्ल्यांत चालतो. कोणाचं बाळंतपण असो की मयत, कांताबाई आधी पोचलेल्या. त्यांनी डोकं चालवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोट्टे चाकावरचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत रांगेत आणतात, मग घरोघरी फिरतात, बोजारा म्हणून खाऊ नाही तर चिल्लर मिळवतात. आमच्या दुकानात सध्या तेच बैल रंगवून राहिलो. कांताबाई म्हणाल्या, "एक मोठ्ठा बैल करा ना गा. माणूस बसन एवढा. आमची तारा त्याच्यावर बसन अन् सारे पोट्टे ओढतीन!"

सगळ्यांना पटलं. मलाही. मिस्त्रींनी तेव्हाच लाकूड निवडलं.

संध्याकाळी घरी सांगायला गेलो तर तारा म्हणाली, "मी वर बसून काय करू?"

"काय करायचं? बस. मजा कर."

"अन् चाक घसरलं तर?"

"मी दोरी धरून राहीन ना पुढं. तुझ्या बाजूने मीच राहीन."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "नक्की ना? की रस्त्यात काही दिसलं की..."

"नक्की म्हणजे नक्की."

२३ ऑगस्ट, रविवार

बैल झाला. चार फूट उंच, शिंगं बाभळीची, डोळे मिस्त्रींनी स्वतः रंगवले. काटोलची चाकं बसवली. मी त्याच्या पाठीवर बसून पाहिलं. वर बसल्यावर कुणी ओढलं नाही तर फार एकटं वाटतं, हे तेव्हा कळलं. लिहायचं म्हणून लिहिलं.

३० ऑगस्ट, रविवार. तान्हा पोळा

कसं लिहू.

सकाळी अकराला निघालो. मैदानातला कार्यक्रम चारचा. इतवारीकडून मारबत निघणार होती, मी कधी पाहिली नव्हती. म्हटलं तोंड दाखवून येऊ. एवढी गर्दी आयुष्यात पाहिली नाही. कागदाची भली मोठी बाई, पिवळी, मागे काळी, बडग्यांचे पुतळे, ढोल, अन् सगळे ओरडून राहिलेले, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडलो. घसा बसेपर्यंत. कोणाच्या तरी खांद्यावर माझा हात, माझ्या खांद्यावर कोणाचा तरी. ओळख ना पाळख. इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं.

मैदानात पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते.

बैल मधोमध. चाकांखाली विटा. दोरी खाली पडलेली, कोणी धरलेली नाही. वर तारा, हिरवं लुगडं, कपाळ केसांपर्यंत कुंकवाने भरलेलं. मांडीवर नारळ, पेढे, खण, चिल्लर. समोर बायांची रांग. पोट्ट्यांना मानेला धरून वाकवत होत्या. तारा दोन्ही शिंगं घट्ट धरून बसलेली, बोटं पांढरी पडलेली.

कांताबाईंच्या डोळ्यांत पाणी. "आला का लहानू! धर गा पाय. पाह्य कशी दिसून राहिली, साक्षात!"

आनंदराव गर्दीच्या मागे, "अहो बाई, अहो थांबा," म्हणत होते. ढोलात कोणाला ऐकू येणार.

मला काय झालं माहीत नाही. मागून लोक ढकलत होते, सगळे वाकत होते. मी वाकलो. तिच्या पायाला हात लावला. थंड होते पाय.

तिने खाली वाकून एवढंच म्हटलं, "तुम्हीपण?"

मग बापाला म्हणाली, "उतरवा मले."

आनंदरावांनी तिला पाठीवर घेतलं. पेढे घरंगळले. पोट्टे पेढ्यांमागे धावले.

२ सप्टेंबर, बुधवार

तारा खिडकीतही बसत नाही. खिडकी बंद आहे. मशीनचा आवाज तेवढा येतो.

आज मैदानात कांताबाई आनंदरावांना आडव्या आल्या. "मी काय वाईट केलं? माह्या पोटच्या पोरीले मी कधी इतका मान नाही देल्ला!"

आनंदराव हळू बोलतात. "कांताबाई, आमच्या घरी देव नाही. अन् तुम्ही माझ्या पोरीचाच देव केला. देवाशी कोणी खेळते का?"

कांताबाई खाली बसल्या, झुल्याच्या खांबाला टेकून. मी तिथेच होतो, उताराला रंधा मारत. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं.

पोट्टे मैदानात येतात, पण बैलाजवळ जात नाहीत. एकाने जाताना त्याला नमस्कार केला.

६ सप्टेंबर, रविवार

सकाळी वळकटी बांधली. मिस्त्री चहा गाळत होते. म्हणाले, "जायचं तर जा. पण सांगून जा. इथून आतापर्यंत जो गेला तो न सांगताच गेला." मी म्हटलं, आधी आनंदरावांकडे जाऊन येतो.

तारा मशीनवर. मी दारातच उभा राहिलो. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं, ते गेलं.

"मारबत पाहत राहिलो," मी म्हटलं.

"माहीत आहे. घसा अजून बसलेलाच आहे तुमचा."

"मी असतो तर—"

"तर काय? तुम्ही दोरी ओढली असती, मी वर बसली असती. तरी तेच झालं असतं, फक्त कुंकू कमी." चाक थांबवलं तिने. "लहानूभाऊ, तान्ह्या पोळ्यात पोट्टे काय करतात? बैलावर बसतात?"

"ओढतात."

"हं. माझं माप लिहून घेतलं तुम्ही, कमर, खांदा, गुडघा. हाताचं माप कोणी घेतलं? लहानपणापासून हातावर चालते मी. दिवसभर हे चाक फिरवते. मले ओढायचं होतं. कोणी विचारलंच नाही, दोरीचं कोणतं टोक पाहिजे वं तुले."

आणि पुन्हा मशीन सुरू.

मी परत आलो, मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "आपण दोघंही भैताड. बिनडोक."

वळकटी सोडली. फक्त हे काम होईपर्यंत.

२० सप्टेंबर, रविवार

असं ठरलंय. मैदानाच्या उत्तरेला लांब उतार, दोन्ही बाजूंनी पट्ट्या, म्हणजे बैल बाहेर जाणार नाही. उताराच्या डोक्यावर रहाट, त्याला दोरी, दोरीला बैल. रहाटाशेजारी पाठ असलेली बैठक. बसलेल्याने रहाट फिरवायचा, बैल पोट्ट्याला घेऊन वर चढतो. मग सोडायचा, आपोआप खाली. हात सुटला तर बैल एकदम घसरू नये म्हणून मिस्त्रींनी रहाटाला दातेरी चाक अन् लोखंडी खटका बसवलाय. प्रत्येक दाताला टक्, टक्.

रहाट कांताबाईंनी दिला. त्यांची विहीर बुजवली तेव्हापासून पडला होता. स्वतः डोक्यावर घेऊन आल्या, ठेवला अन् गेल्या.

बैलाच्या कपाळावर कुंकवाचा डाग राहिला होता. मी घासून काढला, वर पुन्हा रंग दिला.

४ ऑक्टोबर, रविवार

मिस्त्री म्हणाले, "आधी तू बस. तुह्यावर प्रयोग." त्यांनी फिरवला, मी चढलो, घसरलो. खटका धरतो. काम संपलं.

आनंदरावांनी ताराला सांगितलं. ती म्हणाली, पाहू. मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार.

लाकडाचा एक ट्रक शनिवारी सकाळी आठला रायपूरला जातोय. ड्रायव्हर ओळखीचा झालाय, बसवतो म्हणाला. मिस्त्रींना या वेळी सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि ज्या फळीला रंधा मारून झाला होता तिला परत मारू लागले.

८ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी शहर भरलंय. पांढरे कपडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. आनंदरावांच्या घरी गावाकडचे पंधरा-वीस पाहुणे, दारात चपलांचा ढीग. मी समोरून दोनदा गेलो. मिस्त्रींसाठी तंबाखू आणायची होती.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

चारला मैदानात गेलो, उताराला एक खिळा वर आला होता म्हणून. तेवढ्यात आनंदराव सायकल ढकलत आले, मागे कॅरियरवर तारा, आणि मागे पाहुण्यांची सगळी पोरं. गावाकडची. त्यांना इथल्या तान्ह्या पोळ्याचं काही माहीत नाही, त्या कुंकवाचंही नाही. आनंदरावांनी तिला बैठकीवर बसवलं आणि बाजूला झाले.

तिने रहाटाला हात घातला. एकदा मागे-पुढे करून पाहिला, नवीन मशीन आली की पाहतात तसा. मग म्हणाली, "कोण बसते?"

एक शेंबडा पोट्टा बसला. टक्, टक्, टक्. बैल चढला. ती जराही दमली नाही. वर आल्यावर तिने खटका सोडला आणि पोट्टा किंचाळत खाली. मग काय! "ओ ताई, माहा नंबर!" "ताई, मले!" ती ओरडली, "लाइनीत राहा, नाही तर कोणालेच नाही!"

आमच्या मोहल्ल्यातले पोट्टे लांब उभे होते. त्यांना पाया पडायचं माहीत होतं, पुढचं नव्हतं. मग गिरिधर सरळ आला आणि लाइनीच्या मधे घुसला. ताराने त्याला हाताने खूण केली, मागे हो. त्याने खूण केली, नाही होत. दोघांचं खुणांनीच कडाक्याचं भांडण. बाकीचे मग हळूहळू आले.

आणि मग ते झालं. कांताबाईंची नात, आठ वर्षांची, फ्रॉक सावरत बैलावरून उतरली आणि कमरेवर हात ठेवून ताराला म्हणाली, "तू चीटिंग करते वं! त्या गावच्या पोट्टीले पार वरपर्यंत ओढलं अन् मले अर्ध्यातून सोडलं!"

कांताबाई झुल्याजवळ उभ्या होत्या, त्यांचा हात तोंडावर गेला.

तारा लाल झाली. "मी? चीटिंग? तूच पाय खाली घासले म्हणून अडला बैल!"

"नाही घासले!"

"घासले! पाह्य, रेघ पडली उतारावर!"

"ती आधीचीच आहे! चीटर!"

"चीटर तू! जा, नाही ओढत तुले!"

"नको ओढू! मी बी नाही बोलत तुह्याशी!"

आणि तारा, अठरा वर्षांची, जीभ काढून दाखवली तिने त्या पोरीला.

आनंदराव माझ्या शेजारीच होते. मला वाटलं, जाऊन मिटवतील. एका हाताने सायकल धरलेली, दुसऱ्याने त्यांनी माझा दंड धरला. "भांडू दे," म्हणाले. "भांडू दे गा." चष्मा पुसायला त्यांना दुसरा हात मोकळा नव्हता, तसेच पाहत राहिले.

पाच मिनिटांत ती नात परत लाइनीत शेवटी येऊन उभी. तारा म्हणाली, "पाय वर घेशील?" ती म्हणाली, "तू पूर्ण ओढशील?"

मी खिळा ठोकला. मग करायला काही उरलं नाही. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. हेच पाहिजे होतं खरं तर, मैदान झाल्यावर सुतार दिसू नये. तरी थोडा वेळ हातोडी हातात घेऊन उभा राहिलो.

तेव्हा तारा वरून ओरडली, "ओ लहानूभाऊ, तिथं काय पाहून राहिले? बसायचं आहे का?"

मी पुढे झालो, तर लाइनीतले सगळे ओरडले. "ओ काका! मधे नाही! नंबर लावा!"

"लावा नंबर," तारा म्हणाली. हसली नाही. नियम म्हणजे नियम.

मोजलं, माझा सतरावा. दहापर्यंत आला आणि दिवेलागण झाली. आया हाका मारू लागल्या. तारा म्हणाली बस, आता उद्या. मी विचारलं, उद्या नंबर इथूनच पुढे का? लाइनीतला तो शेंबडा पोट्टा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू एवढंही माहीत नाही या माणसाला.

"उद्या नवीन लाइन," तो म्हणाला. "जो आधी येईन त्याचा."

ट्रक सकाळी आठला सुटतो. मैदान दुपारी चारला भरतं. मिस्त्रींनी आजही भाजी दोघांची केली आहे. मी काय ठरवलं ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

साडेतीनलाच जाऊन उभा राहीन म्हणतो.